आधी आरएनए, मग कात्री: सस्तन प्राण्यांच्या जनुकीय अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू करताना

या विषयाकडे येणारे बहुतेक विद्यार्थी क्रिस्परचं, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या 'कात्री'चं, नाव ऐकून येतात. मीही तशीच आले. जनुक कापायचं, उंदीर बदलायचा, आजाराचं मूळ हाती लागायचं, असं सरळसोट चित्र डोक्यात होतं. प्रयोगशाळेत शिरल्यावर कळलं की कापण्याचं काम काही दिवसांत उरकतं, आणि कापल्यावर पेशीने नेमकं काय केलं हे शोधण्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. ते शोधायचं तर आरएनए, म्हणजे डीएनएवरून पेशीने काढलेली जनुकाची नक्कल, वाचता यावा लागतो. डीएनएतला बदल आरएनएत कसा उतरला, त्याची जोडणी कुठे झाली, तो टिकला की पेशीनेच त्याचा फडशा पाडला, हे सांगता येत नसेल तर पिंजऱ्यावर लावलेल्या 'नॉकआउट' (जनुक बंद पाडलेला उंदीर) या चिठ्ठीवर कुणी का विश्वास ठेवावा?

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम जरा उलटा वाटेल. कात्री बरीच उशिरा येते.

पायरी १: पदवीच्या नावावर जाऊ नका

'आरएनए जीवशास्त्र' अशा नावाची पदवी क्वचितच सापडते. हा विषय रेण्वीय जीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जनुकशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा कुठल्याही पाटीखाली लपलेला असतो. पाटी सोडा, अभ्यासक्रमाचं पत्रक मिळवा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि त्या तासांत पिपेट तुमच्या हातात असते की शिकवणाऱ्याच्या? सलग सहा महिने किंवा जास्त चालणारा एक तरी प्रकल्प आहे का? सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवण्याची सोय विभागात आहे का? प्राणिगृह नसलं तरी फार बिघडत नाही. पदवीच्या पातळीवर उंदराला हात लावायची वेळ क्वचित येते, आणि सुरुवातीला जे शिकायचं ते बहुतांश पेशींवरच शिकता येतं.

मग तिथल्या प्राध्यापकांच्या गेल्या पाच वर्षांतल्या शोधनिबंधांची शीर्षकं चाळा. समजली नाहीत तरी चालेल. आरएनए, स्प्लायसिंग (आरएनएचे तुकडे कापून जोडणं), जनुक-संपादन यांपैकी एकही शब्द कुठे दिसला नाही, तर हा विषय तिथे फक्त पुस्तकातून शिकवला जाईल असं धरून चाला.

पायरी २: एका हायड्रॉक्सिल गटाची नीट ओळख करून घ्या

आरएनए आणि डीएनए यांत फरक काय, असं विचारलं की 'थायमिनऐवजी युरॅसिल' हे उत्तर ठरलेलं. बरोबर आहे, पण प्रयोगाच्या टेबलावर त्याचा काही उपयोग नाही. उपयोगाचा फरक साखरेत आहे. आरएनएतल्या रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, डीएनएतल्या साखरेत तिथे नुसता हायड्रोजन. हा गट शेजारच्याच फॉस्फेटच्या जोडावर हल्ला करून साखळी तोडू शकतो. अल्कलीमध्ये हे झपाट्याने होतं, आणि मॅग्नेशियम व उष्णता एकत्र आली तरी होतं. अल्कलीत डीएनएचे दोन धागे फक्त सुटे होतात. आरएनएचे तुकडे पडतात.

याच गटामुळे आरएनए वेड्यावाकड्या घड्या घालू शकतो आणि काही वेळा स्वतःच विकराचं (एन्झाइमचं) काम करतो. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी हे दाखवलं, आणि १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे प्रयोगशाळेत आपल्याला रडवणारा नाजूकपणा आणि पेशीत आरएनएला मिळालेलं कसब, दोन्ही एकाच गटातून येतात. एवढं डोक्यात बसलं की 'आरएनए गरम करताना ईडीटीए का घालायचं?' यासारखे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं, एवढंच.

रसायनशास्त्राबरोबर दोन गोष्टी घासून घ्या. एक, तीव्रता आणि विरलीकरणाची गणितं. नमुन्यात मायक्रोलिटरला २५० नॅनोग्रॅम आरएनए आहे आणि तुम्हाला १ मायक्रोग्रॅम हवा आहे, तर ४ मायक्रोलिटर घ्यायचे, हे कॅल्क्युलेटर न काढता सुचलं पाहिजे. दुसरी, संख्याशास्त्र. त्याकडे पुढे पुन्हा येऊ, कारण तिथे भलेभले घसरतात.

पायरी ३: आरएनएचा नकाशा स्वतःच्या हाताने काढा

सस्तन प्राण्याच्या एका पेशीत साधारण १० ते ३० पिकोग्रॅम आरएनए असतो. त्यातला सुमारे ८० टक्के रायबोसोमचा, बराचसा उरलेला टीआरएनए (प्रथिनासाठी अमिनो आम्लं आणणारा), आणि ज्याच्यासाठी सगळी धडपड तो एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारा) जेमतेम १ ते ५ टक्के. एका मोठ्या कागदावर पेशी काढा आणि प्रत्येक प्रकार कुठे तयार होतो, कुठे कापला जातो, कुठे जातो, कोण त्याला संपवतं हे बाणांनी दाखवा. पाठ्यपुस्तकातली आकृती उतरवू नका. जिथे बाण काढता येत नाही तिथे तुमचं अज्ञान आहे, आणि परीक्षेच्या आधी ते सापडलेलं बरं.

नकाशा भरताना शोधांच्या क्रमाने गेलात तर कशाचा कशाशी संबंध आहे ते आपोआप कळतं. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर असतं. आज आपण आरएनए मोजतो तो याच विकराच्या जिवावर. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना दिसलं की जनुक सलग नसतं, मधले इंट्रॉन कापून टाकून एक्सॉन जोडले जातात. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका सूत्रकृमीत पहिला मायक्रोआरएनए (इतर एमआरएनएंना दाबणारा छोटा आरएनए) ओळखला. नोबेल मात्र २०२४ मध्ये मिळालं; एका कृमीचं चमत्कारिक प्रकरण म्हणून बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच कृमीत दुहेरी धाग्याचा आरएनए वापरून जनुक गप्प करून दाखवलं. इथे सस्तन प्राण्यांचा वेगळेपणा लक्षात घ्या. लांब दुहेरी आरएनए आपल्या पेशीत घातला की पेशी त्याला विषाणू समजते, इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी इशारा देणाऱ्या प्रथिनांची) बोंब ठोकते आणि सगळंच प्रथिननिर्मितीचं काम मंदावतं. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने २१ न्यूक्लिओटाइडांचे छोटे तुकडे वापरले आणि ती बोंब टळली. पुढे कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की आरएनएतले काही न्यूक्लिओसाइड बदलले, म्हणजे युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं, तर पेशीचा हा संशय बराच कमी होतो. एमआरएनए लशींना लागलेला एक महत्त्वाचा दुवा हाच. २०२३ चं वैद्यकाचं नोबेल त्यासाठी होतं. कृमीत चाललेली युक्ती सस्तन प्राण्यात जशीच्या तशी चालत नाही, ही गोष्ट या दोन शोधांतून मनावर ठसते.

नकाशात एक्स-आय-एस-टी, म्हणजे 'एक्सिस्ट', या आरएनएला एक कोपरा द्या. त्याची लांबी सुमारे १७,००० न्यूक्लिओटाइड, त्यातून प्रथिन एकही बनत नाही, आणि तरी मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र तो जवळजवळ पूर्ण मिटवून टाकतो. तिरंगी मांजरीच्या अंगावरचे काळे-नारिंगी ठिपके हे याच कारभाराचं उघड्या डोळ्यांना दिसणारं रूप. कंटाळा आला की मी विद्यार्थ्यांना मांजरीचे फोटो दाखवते, आणि त्या दिवशी वर्ग जागा राहतो.

पायरी ४: आरएनए काढायला शिका, आणि हे काम हलक्यात घेऊ नका

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी हीच. शत्रू आहे आरएनेझ ए, आरएनए तोडणारं विकर. हे विकर घामात, थुंकीत, त्वचेवर, धुळीत असतं. चार डायसल्फाइड बंधांनी ते इतकं घट्ट बांधलेलं असतं की उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं. त्याला धातूचा आयनही लागत नाही, त्यामुळे इथे ईडीटीए निरुपयोगी. गंमत म्हणजे उलगडलेलं प्रथिन आपलं आपण मूळ आकारात परत येतं, हे ख्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी याच विकरावर सिद्ध केलं आणि १९७२ चं नोबेल मिळवलं. त्यांना ज्या गुणाने नोबेल मिळालं, तोच गुण तुमचा नमुना खातो.

त्यामुळे शिस्त लागते. हातमोजे घाला, आणि मोबाइल, दाराची मूठ किंवा केसांना हात लागला की बदला. आरएनएसाठी पिपेटच्या टिपांचा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर स्वतःचं नाव लिहा. पाण्यातलं आरएनेझ मारायला डीईपीसी वापरतात, पण ट्रिस असलेल्या द्रावणात ते घालू नका. ट्रिसशीच त्याची अभिक्रिया होऊन जाते. नमुना हाती आल्यावर गप्पा मारत बसू नका. ऊती असेल तर ताबडतोब द्रव नायट्रोजनमध्ये. यकृतापासून सुरुवात करा, भरपूर आरएनए मिळतो. स्वादुपिंडाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नये, ते आरएनेझचं कोठारच आहे.

काढण्याची पद्धत बहुधा १९८७ मध्ये पिओतर चोम्झिन्स्की आणि निकोलेत्ता साक्की यांनी मांडलेलीच असेल, बाटलीवरचं नाव काहीही असो. ग्वानिडिनियम थायोसायनेट पेशी फोडतं आणि त्याच क्षणी सगळी प्रथिनं, आरएनेझसकट, निकामी करतं. आम्लधर्मी फिनॉल आणि क्लोरोफॉर्म घालून फिरवलं की तीन थर दिसतात: वर पारदर्शक पाणी, मध्ये पांढरट साय, खाली रंगीत सेंद्रिय थर. आरएनए वर राहतो, डीएनए सायीत आणि खालच्या थरात जातो. फिनॉल आम्लधर्मी नसेल तर डीएनएही वर येऊन बसतो, म्हणून बाटली उचलताना सामू वाचा.

नवख्यांची चूक वरचा थर उचलताना होते. ६०० मायक्रोलिटर दिसतात म्हणून ६०० उचलायला जातात आणि सायीचा शेपटा टिपेत येतो. ४०० घ्या, बाकी सोडून द्या. पुढे आयसोप्रोपेनॉलने आरएनए खाली बसवतात, ७५ टक्के इथेनॉलने धुतात. हा बसलेला आरएनए काचेसारखा पारदर्शक असतो, बरेचदा दिसतच नाही. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवतानाच बिजागरीची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे तो कुठे चिकटला असेल ते आधीच ठाऊक असतं. मी एकदा तीन आठवड्यांच्या पेशींचा आरएनए इथेनॉलबरोबर बेसिनमध्ये ओतून दिला. तेव्हापासून प्रत्येक धुण्याचं पाणी वेगळ्या नळीत जपून ठेवते आणि आकडा पाहिल्यावरच फेकते.

सुरक्षेचं एक वाक्य, ज्यावर घासाघीस नाही: फिनॉल त्वचा भाजतं, काम धूरकक्षातच करायचं, आणि ग्वानिडिनियमच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतायचं नाही, विषारी वायू तयार होतात.

पायरी ५: मोजा, आणि आकड्यावर संशय घ्या

२६० नॅनोमीटरला शोषण १ आलं तर आरएनए मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम. २६० आणि २८० चं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. २६० आणि २३० चं गुणोत्तर खूप खाली गेलं तर ग्वानिडिनियम किंवा फिनॉल मागे राहिलं आहे. पण हे आकडे आरएनए अखंड आहे का ते सांगत नाहीत. पूर्ण तुकडे झालेला आरएनएसुद्धा झकास गुणोत्तर देतो. त्यासाठी जेल चालवा. रायबोसोमचे २८एस आणि १८एस असे दोन ठळक पट्टे दिसले पाहिजेत, वरचा खालच्याच्या साधारण दुप्पट गडद. यंत्र असेल तर आरएनए किती अखंड आहे ते सांगणारा १ ते १० मधला 'आरआयएन' आकडा मिळतो.

नंतर उलट-प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणं) आणि क्यूपीसीआर (तो डीएनए चक्रागणिक दुप्पट करत मोजणं). एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट, ३.३ चक्रांचा म्हणजे दहापट, एवढं लक्षात ठेवलं की आलेख पाहूनच अंदाज येतो. इथे एक सापळा सस्तन प्राण्यांचा खास आहे. डीएनएची भेसळ मोजली जाऊ नये म्हणून प्रायमर (नकलेची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन एक्सॉनांच्या सांध्यावर ठेवा, असं सगळे सांगतात. ठीक. पण गॅपडीएच आणि बीटा-ॲक्टिन या लाडक्या संदर्भ-जनुकांच्या इंट्रॉन नसलेल्या नकला, म्हणजे स्यूडोजीन, आपल्या जीनोममध्ये डझनांनी विखुरलेल्या आहेत. त्यांच्यात सांधा आधीच जुळलेला असतो, त्यामुळे सांध्यावरचा प्रायमर डीएनएवरही चालतो. उपाय साधा आहे: डीएनेझने नमुना स्वच्छ करा आणि दर वेळी उलट-प्रतिलेखनाचं विकर न घातलेली एक नळी चालवा. त्या नळीत वक्र वर गेला तर बाकीचे आकडे बाजूला ठेवून आधी भेसळ शोधा.

आणि ते संख्याशास्त्र. एका बशीतल्या पेशींचा आरएनए तीन खळग्यांत घातला तर तुमच्याकडे तीन प्रयोग नाहीत, एकच आहे. तीन स्वतंत्र दिवशी, स्वतंत्रपणे वाढवलेल्या पेशी घ्या, तेव्हा तीन. हे वाचताना बावळटपणाचं वाटतं, तरी प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत यावरून घाम फुटलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

पायरी ६: पेशी वाढवणं

पेशी ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढतात, बाकी सवयीने येतं. दोन इशारे पुरेत. पहिला मायकोप्लाझ्माचा. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, आणि तुमच्या पेशींचे आरएनएचे आकडे गुपचूप बदलत राहतो. ठरावीक दिवसांनी पीसीआर चाचणी करा, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेली कुपी चाचणीआधी मुख्य इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका.

दुसरा इशारा गुणसूत्रांचा. एचईके२९३ या सगळ्यांच्या आवडत्या मानवी पेशींमध्ये गुणसूत्रं ४६ नसून साठच्या पुढे असतात. हेला पेशींची कथाही तशीच. म्हणजे 'दोन्ही प्रती कापल्या' असं म्हणताना मुळात प्रती दोन आहेत का, हे आधी पाहावं लागतं.

पायरी ७: एक नॉकआउट पूर्णपणे कागदावर करा

आता कात्री. पण हात न लावता. एखादं जनुक निवडा आणि जीनोम ब्राउझरमध्ये त्याचे सगळे प्रतिलेख (त्या जनुकापासून बनणारे वेगवेगळे आरएनए) उघडा. क्रिस्परमधलं कापणारं कॅस९ हे विकर २० न्यूक्लिओटाइडांच्या मार्गदर्शक आरएनएने जागा शोधतं, त्या जागेला लागून 'कोणताही एक, मग दोन जी' असा क्रम लागतो, आणि काप त्याच्या तीन जोड्या अलीकडे पडतो. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पोंतिए यांच्या गटांनी हे परीक्षानळीत दाखवलं, २०१३ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत झालं. पेशी काप घाईघाईने सांधते, एक-दोन अक्षरं गळतात किंवा घुसतात. घट-वाढ तीनच्या पटीत नसेल तर वाचनाची चौकट सरकते आणि लवकरच थांब्याचा संकेत येतो. पुस्तकातली गोष्ट इथे संपते.

आता आरएनएच्या बाजूने तीच गोष्ट पाहा. कापलेला एक्सॉन सगळ्या प्रतिलेखांत आहे का? नसेल तर तो वगळणारा प्रतिलेख निवांत प्रथिन बनवत राहील. काप अगदी पहिल्या एक्सॉनमध्ये घेतला तर पुढच्या एखाद्या एयूजी या प्रारंभ-संकेतापासून भाषांतर (प्रथिननिर्मिती) सुरू होऊन थोडं आखूड, पण कामाचं प्रथिन तयार होऊ शकतं. एक्सॉनची लांबी तीनच्या पटीत असेल आणि स्प्लायसिंगने तो एक्सॉनच टाळला, तर चौकट शाबूत राहते. आणि जनुकाच्या इंट्रॉनमध्ये कुणी भाडेकरू राहतो का तेही बघा. सस्तन प्राण्यांत कितीतरी मायक्रोआरएनए आणि बहुतेक स्नोआरएनए (इतर आरएनएंवर रासायनिक बदल करायला मदत करणारे छोटे आरएनए) दुसऱ्या जनुकांच्या इंट्रॉनमध्येच बसलेले असतात. जनुकाचा मोठा तुकडा उडवलात तर तेही उडतात, आणि उंदराला झालेला आजार नेमका कुणामुळे, हे कोडंच राहतं.

मग पेशीची स्वतःची तपासणी. वेळेआधी आलेला थांबा शेवटच्या एक्सॉन-सांध्याच्या साधारण ५० ते ५५ न्यूक्लिओटाइडांहून अधिक मागे असेल, तर पेशी तो एमआरएनए सदोष ठरवून नष्ट करते. थांबा शेवटच्या एक्सॉनमध्ये असेल तर सहसा करत नाही. म्हणून क्यूपीसीआरमध्ये एमआरएनए घटलेला दिसला नाही म्हणजे नॉकआउट फसलं असं होत नाही, आणि घटलेला दिसला म्हणजे प्रथिन शून्य झालं असंही नाही. प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर पाहा. आरएनएचा पूर्ण क्रम वाचा. त्यातही २०१९ मध्ये झेब्रा मासा आणि उंदराच्या पेशींवर दिसलं की असा सदोष एमआरएनए नष्ट होत असतानाच त्याच्यासारखी दुसरी जनुकं जास्त चालू होऊ शकतात आणि उणीव भरून काढतात. जनुक कापलं आणि काहीच झालं नाही, तर 'हे जनुक महत्त्वाचं नाही' असं लिहिण्याआधी हे आठवा.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून मार्गदर्शकांना दाखवा. तीन-चार वेळा लाल शाई होऊन परत येईल. तेवढं होऊ दे, पिंजऱ्यातल्या सहा महिन्यांपेक्षा ते स्वस्त आहे.

जनुक कायमचं न कापता काही दिवस दाबायचं असेल तर छोटा दुहेरी आरएनए, म्हणजे एसआयआरएनए, पुरतो. पण त्याची २ ते ८ क्रमांकाची अक्षरं इतर शेकडो एमआरएनएंशी जुळू शकतात. त्यामुळे किमान दोन वेगवेगळे वापरा, आणि शेवटी जनुक परत घालून परिणाम मागे फिरतो का ते बघा. क्रिस्परलाही हाच नियम: एका क्लोनवर (एकाच पेशीपासून वाढवलेल्या पेशीसमूहावर) निष्कर्ष काढू नका.

पायरी ८: उंदराचं कॅलेंडर

प्राण्याला हात लावण्याआधी बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण आणि नीतिसमितीची परवानगी सक्तीची असते. अर्जात विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं भेटतील: पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. हा अर्ज कारकुनी समजून भरू नका. 'किती उंदीर लागतील आणि का' या एका रकान्यात तुमचं संख्याशास्त्र, जनुकशास्त्र आणि विवेक तिन्ही उघडे पडतात.

हिशोब असा. फलित अंड्यात कॅस९ घातलं, की साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं. पण अंडं विभागल्यावरही काप चालूच राहत असल्याने हे पहिले उंदीर गोधडीसारखे असतात, वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळे बदल. म्हणून ते मोठे होईपर्यंत आठ आठवडे थांबा, साध्या उंदराशी जोडी लावा, तीन आठवडे. पिल्लं मोठी व्हायला पुन्हा आठ, मग एकच प्रत बदललेले नर-मादी एकत्र आणा, पुन्हा तीन. झाले पंचवीस आठवडे, तेही सगळं सुरळीत झालं तर. या शेवटच्या जोडीच्या पिल्लांत चारात एक नॉकआउट. सहा-सात पिल्लांत एक किंवा दोन. दोन जनुकं एकदम हवी असतील तर सोळात एक. एका वर्षाच्या प्रकल्पात 'नवा उंदीर बनवून त्याचा अभ्यास' असं लिहून आणणाऱ्याला मी हे गणित फळ्यावर मांडायला लावते. तयार वाण मागवा, किंवा पेशींवर राहा.

आधीच्या पिढीला तर यापेक्षा लांबचा रस्ता होता. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी वाढवल्या, आणि नेमकं जनुक बदललेले उंदीर १९८९ मध्ये आले. इव्हान्स, मारिओ कॅपेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ मध्ये नोबेल मिळालं.

तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे पाव जनुकांच्या बाबतीत पूर्ण नॉकआउट उंदीर जन्मालाच येत नाहीत किंवा लगेच मरतात. तिथे क्रे-लॉक्स वापरतात: जनुकाच्या दोन्ही बाजूंना ३४ जोड्यांची लॉक्सपी खूण, आणि हव्या त्या ऊतीतच त्या खुणांमधला तुकडा कापून काढणारं क्रे विकर. आणि वाणाचं नाव पूर्ण लिहा. सी५७बीएल/६ एवढंच लिहिलं तर अपुरं. त्याच्या 'जे' उपवाणात एनएनटी या जनुकाचा तुकडा गायब आहे, 'एन' उपवाणात सीआरबी१ मधला बदल डोळ्याचा पडदा बिघडवतो. नॉकआउट एका उपवाणाचे आणि तुलनेचे उंदीर दुसऱ्याचे असले, तर तुम्ही नक्की कोणतं जनुक अभ्यासताय?

मानवी भ्रूणाचा प्रश्न वर्गात निघेलच. २०१८ मध्ये हे जियानकुई यांनी संपादित भ्रूणांतून जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. उंदरातली 'गोधडी' तुम्हाला ठाऊक झाली असेल, तर तो प्रयोग वैज्ञानिक कसोटीवरही का टिकत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ९: थोडा संगणक

आर ही भाषा शिका, पहिल्याच वर्षी. आरएनए-सिक्वेन्सिंगच्या एका नमुन्यातून दोन-तीन कोटी रीड्स (वाचलेले छोटे तुकडे) येतात, ते स्प्रेडशीटमध्ये मावत नाहीत. शिवाय स्प्रेडशीट जनुकांची नावं तारखा समजून बदलते: 'सेप्ट२' चं २ सप्टेंबर होतं. हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली, 'सेप्ट' चं 'सेप्टिन' केलं. तेव्हा सॉफ्टवेअर हटलं नाही, विज्ञान हटलं. सिक्वेन्सिंगला पैसे घालण्याआधी एका संख्याशास्त्रज्ञाला भेटा. नमुने दिल्यानंतर भेटून काही हाती लागत नाही.

पायरी १०: प्रयोगशाळा निवडणं

प्रकल्पासाठी प्रयोगशाळा निवडताना मोठ्या शोधनिबंधांपेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. 'तुझा शेवटचा फसलेला प्रयोग कोणता, आणि कळलं कसं?' हा प्रश्न विचारा. ज्या ठिकाणी उत्तर खळखळून येतं तिथे नियंत्रण-नमुने चालवले जातात. 'आमचं काही फसत नाही' असं ऐकलंत तर चहा संपवून निघा.

आणि जागा मिळाली की पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी टाकून द्यायच्या पेशी मागून घ्या. दहा लाख पुरेत. कागदावरच्या हिशोबाने त्यात १० ते ३० मायक्रोग्रॅम आरएनए असतो, हाती त्याहून कमी येईल. तो काढा, मोजा, जेलवर चालवा. खाली नुसता धुरकट ओघळ दिसला तर पायरी ४ वर परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन स्वच्छ पट्टे दिसले, वरचा जास्त गडद, तर कपाटातून कॅस९ ची कुपी काढायला हरकत नाही.